सुरतेत बावीस वर्षे : डॉ. रखमाबाई राऊत

रखमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते ते कोर्टातल्या खटल्यामुळे. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाला नकार देणारी आणि त्यासाठी तुरुंगात जायला तयार झालेली मुंबईची मुलगी, एवढी ओळख सर्वांना असते. आठ मार्चच्या भाषणात हा प्रसंग हटकून येतो. त्यानंतर एक वाक्य येते, की पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला नोकरी केली. मग टाळ्या.

त्या एका वाक्यात बावीस वर्षे मावलेली आहेत. खटला चालला चार वर्षे. १८९५ ते १९१७ या काळात एक मराठी बाई या शहरात स्त्रियांचे रुग्णालय चालवत होती आणि ते सोडून गेली नाही. आपण उधना, पांडेसरा, बमरोली भागात राहणारी मराठी मंडळी आहोत. पोटासाठी आलो आणि इथलेच झालो. आपल्या पानावर रखमाबाईंचे चरित्र द्यायचे तर खटल्याला थोडी जागा आणि सुरतेला जास्त, असे माप धरायला हरकत नाही.

जन्म मुंबईचा, २२ नोव्हेंबर १८६४. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. रखमाबाई अडीच वर्षांच्या असताना वडील वारले. जयंतीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्लग्नाला आडकाठी नव्हती, त्यामुळे काही वर्षांनी त्यांचे लग्न डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी झाले. वडिलांची मालमत्ता त्या वेळी मुलीच्या नावावर झाली. पुढच्या भांडणात या मालमत्तेचा वास सतत येत राहतो.

सखाराम अर्जुन हे वेगळेच गृहस्थ होते. व्यवसायाने डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांपैकी दोनच भारतीय होते, एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे. अशा माणसाच्या घरात वाढताना औषधे, झाडपाला आणि रोगी यांच्या गोष्टी मुलीच्या कानावर रोजच पडल्या असणार. सावत्र बाप या शब्दाला आपल्याकडे चांगला अर्थ नाही, पण रखमाबाईंच्या आयुष्यात सर्वांत मोठा आधार याच बापाचा झाला.

तरी काळ काळच होता. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लावून दिले गेले. मुलाने सासरी राहावे, शिकावे, माणूस व्हावे, असे ठरले होते. ते काही झाले नाही. दादाजी मामांकडे राहायला गेले, शिक्षण सुटले, प्रकृतीही बिघडली. रखमाबाई आईबापांकडेच राहिल्या आणि घरात बसून पुस्तके मिळवून वाचत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून मागणी केली आणि नकार आल्यावर दावा लावला.

या दाव्याचा तपशील इतरत्र भरपूर मिळतो, म्हणून इथे भराभर सांगतो. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. संमती देण्याचे वय नसताना झालेल्या लग्नासाठी मोठ्या झालेल्या स्त्रीला जबरदस्तीने नवऱ्याच्या घरी धाडणे त्यांना पटले नाही. त्यावर गदारोळ उठला. अपील झाले, खटला पुन्हा चालवायचा हुकूम झाला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो असे कळवले. टिळकांचा केसरी त्यांच्या विरोधात होता, बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने धावपळ करत होते. त्यांनी स्वतः टाइम्स ऑफ इंडियात टोपणनावाने लिहिलेली पत्रे तोवर इंग्लंडपर्यंत पोचली होती. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाईंनी दोन हजार रुपये दिले आणि दादाजींनी हक्क सोडला. सखाराम अर्जुन हा शेवट पाहायला नव्हते, ते १८८५ मध्येच गेले होते.

आता जरा दुसरीकडे पाहू, कारण रखमाबाई डॉक्टर का झाल्या आणि त्यांची गरज किती होती हे त्याशिवाय कळत नाही.

त्या काळात स्त्रियांना डॉक्टर नव्हते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुरुष डॉक्टर होते, पण बाई त्यांच्यापुढे येत नसे. पडद्याआडून हात बाहेर काढायचा, डॉक्टरने नाडी पाहायची आणि बाकी सारे नवऱ्याने किंवा सासूने सांगायचे, अशी तपासणी. बाळंतपण तर पूर्णपणे सुइणीच्या हाती, आणि अडले की देवाच्या. मुंबईत किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८८३ च्या सुमारास निधी उभारला आणि विलायतेहून एक स्त्री डॉक्टर आणली. तिचे नाव डॉ. एडिथ पेची. एडिंबरो विद्यापीठात मुलींना वैद्यकी शिकू द्या म्हणून ज्या सात जणी झगडल्या त्यांतली ही एक. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून देशव्यापी फंड काढला. राजेरजवाड्यांनी आणि शेठ-सावकारांनी देणग्या दिल्या, गावोगावी जनाना दवाखान्यांच्या इमारती उभ्या राहिल्या.

इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांत बसायला माणूस कुठून आणायचे? दगड, चुना, गवंडी पैशाने मिळतात. बाई डॉक्टर घडायला पाच-सहा वर्षे लागतात, त्याआधी दहा-बारा वर्षे शाळा लागते, आणि मुळात मुलीला शाळेत घालणारा बाप लागतो. गोऱ्या डॉक्टरणी येत. त्यांतल्या कित्येक मिशनच्या असत, काही आजारी पडून परतत, काहींची लग्ने होत. देशी मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून एम.डी. होऊन आल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही झाली होती. रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने त्या गेल्या. त्यानंतर सहाच दिवसांनी रखमाबाईंच्या विरुद्धचा तो निकाल लागला. एक डॉक्टरीण झाली ती वाचली नाही, आणि दुसरी होऊ शकणारी मुलगी तुरुंगाच्या दारात उभी. महाराष्ट्राने १८८७ च्या त्या आठवड्यात काय गमावले आणि काय गमावता गमावता राहिले, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

डॉ. पेची यांनी रखमाबाईंना वैद्यकीच्या वाटेला लावले. इंग्लंडमध्ये मदतीसाठी समिती उभी राहिली, पार्लमेंटचे सभासद वॉल्टर मॅक्लॅरेन आणि त्यांच्या पत्नी ईव्हा यांनी घरच्यासारखा आसरा दिला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर वुमनमध्ये दाखल झाल्या. डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन तेव्हा तिथल्या डीन होत्या. प्रत्यक्ष रोगी पाहण्याचे शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलात झाले. १८९४ पर्यंत अभ्यास पुरा झाला, ब्रसेल्सची एम.डी. पदवीही त्यांनी मिळवली. पंचवीस वर्षांच्या वयात, घरी वाचलेल्या पुस्तकांच्या शिदोरीवर, परक्या थंडीत, परक्या भाषेत शरीरशास्त्र शिकायला बसणे ही गोष्ट खटल्यापेक्षा सोपी होती असे मला वाटत नाही. तिच्यावर भाषणे होत नाहीत एवढेच.

त्यांना हिंदुस्थानातली पहिली प्रॅक्टिस करणारी स्त्री डॉक्टर म्हणण्याची पद्धत पडली आहे. ते बरोबर नाही. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीपासून रोगी पाहत होत्या. रखमाबाईंचे मोठेपण पहिल्या नंबरावर अवलंबून नाही.

१८९५ मध्ये मायदेशी आल्यावर त्यांनी थोडे दिवस कामा हॉस्पिटलात काम केले आणि मग सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून आल्या. वय तीस-एकतीस.

तेव्हाची सुरत आजच्या सुरतेच्या खिजगणतीतही नसेल एवढी होती. लाखभर वस्ती. बंदराचे वैभव मुंबईने कधीच पळवलेले. जरीचे काम होते, पॉवरलूमचा खडखडाट नव्हता. आपले वाडवडील खानदेशातून ज्या मार्गाने इथे आले तो ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग रखमाबाई इथे असतानाच झाला, आणि १९०० पर्यंत सुरतेची गाडी अमळनेरला पोचली. म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आपली माणसे मोठ्या संख्येने यायच्या कितीतरी आधी ही मराठी बाई इथे नोकरीला होती. गुजरातीचा तिला त्रास पडला नसावा, मुंबईत वाढलेल्या माणसाच्या कानावर ती भाषा असतेच.

रुग्णालय होते, डॉक्टर आली होती, पण बायका येत नव्हत्या. सुवावड घरातच व्हायची, दायणीच्या हातून. घराबाहेर बाळंत होणे म्हणजे घरात कोणी नाही असे जगाला सांगणे. शिवाय दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, हा समज तर होताच. आणि डॉक्टरीण कोण, तर नवरा सोडलेली, कोर्टात गेलेली, समुद्र ओलांडून आलेली. सुरतेच्या पोळांमधून या तीन गोष्टी किती चवीने बोलल्या गेल्या असतील ते आपण ओळखू शकतो.

इथली एक गोष्ट सांगतात. रखमाबाईंनी एक गाभण बकरी रुग्णालयात आणवली आणि तिथे तिची सुटका केली. बकरी वाचली, करडू वाचले, ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिले. मग हळूहळू बायका येऊ लागल्या. गोष्ट हसू येण्यासारखी आहे, पण तिच्यात एक शहाणपण आहे. रखमाबाईंनी लोकांना अडाणी म्हणून झिडकारले नाही की व्याख्यान दिले नाही. ज्यांच्या घरात गुरे-शेळ्या होत्या त्यांना समजेल असा पुरावा त्यांनी समोर ठेवला. आरोग्यखाते आज ज्याला जनजागृती म्हणते आणि ज्यावर फलक छापते, ते काम एका बकरीने केले.

विश्वास असा बसायला वर्षे लागतात, आणि तो माणसावर बसतो, पाटीवर बसत नाही. सासूचे बाळंतपण ज्या डॉक्टरणीने केले तिच्याकडेच सून पाठवली जाते. दर दोन वर्षांनी डॉक्टर बदलत राहिली तर प्रत्येक वेळी बकरीपासून सुरुवात करावी लागते. रखमाबाई बावीस वर्षे राहिल्या म्हणजे त्यांच्या हाती जन्मलेल्या मुली तिथेच बाळंतपणाला येण्याइतका हा काळ, कारण त्या दिवसांत पंधरा-सोळाव्या वर्षी मुली आया होत असत.

त्या येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत सुरू झालेली साथ रेल्वेने आणि गलबतांनी किनाऱ्याभर पसरली. सरकारने १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला, घरे तपासायला पथके काढली, स्टेशनांवर उतारू उभे करून काखा-जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. स्त्रियांना पुरुषांनी हात लावून तपासायचे, यावरून पुण्यात आणि इतरत्र किती संताप झाला हे सर्वांना माहीत आहे. त्या संतापाला शब्द देण्यात केसरी पुढे होता. दहा वर्षांपूर्वी याच केसरीने रखमाबाईंना झोडपले होते. अशा वेळी बायकांना तपासायला बाईच हवी हे कोणीही कबूल केले असते, पण अशा बाया होत्या किती? ज्या थोड्या होत्या त्यांतली एक सुरतेत होती.

याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्याची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. प्लेगच्या काळात रोग्याजवळ उभे राहणे म्हणजे काय, हे यावरून समजावे. रखमाबाईंनी सुरतेत प्लेगच्या दिवसांत काम केले, आणि त्या सेवेबद्दल त्यांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. पाठोपाठ गुजरातेत अजूनही छप्पनियो म्हणून ज्याची आठवण काढतात तो १८९९-१९०० चा दुष्काळ आला. रुग्णालय चालूच होते.

आपल्या मंडळातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना इथे दुसरी एक साथ आठवेल. सप्टेंबर १९९४, वेड रोड, कतारगाम. प्लेग या शब्दाबरोबर काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. आपल्या भागातल्या कितीतरी कुटुंबांनी भुसावळची गाडी धरली, डब्यात उभे राहायलाही जागा नव्हती. मजुराने गाव गाठले यात दोष कसला? पण तेव्हा अनेक खाजगी डॉक्टरही दवाखान्यांना कुलूप लावून निघून गेले. शहरात औषधाची दुकाने शोधावी लागत होती. न्यू सिव्हिल हॉस्पिटलातले निवासी डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार मात्र कामावर राहिले. १८९७ पेक्षा १९९४ मध्ये टेट्रासायक्लिन होते, म्हणजे प्लेगवर इलाज होता. तरीही थांबणे सोपे झाले नव्हते.

म्हणून रखमाबाई का थांबल्या, हा प्रश्न मला त्यांच्या खटल्यापेक्षा मोठा वाटतो. जगभर आज तोच प्रश्न आहे. १९४६ मध्ये भोर समितीने हिंदुस्थानातली मोजदाद केली तेव्हा ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका, असे प्रमाण निघाले. रखमाबाई तेव्हा हयात होत्या, एक्याऐंशी वर्षांच्या. त्यानंतर साठ वर्षांनी, २००६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ५७ देशांत डॉक्टर, परिचारिका आणि सुइणींचा गंभीर तुटवडा असल्याचे सांगितले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जगाच्या आजारांचा चौथा हिस्सा आणि आरोग्य कर्मचारी मात्र शंभरात तीन. तिथल्या गरीब देशाने पैसा खर्चून परिचारिका शिकवायची आणि तिने लंडनला जाऊन नोकरी धरायची, हे तिथे नित्याचे आहे. तिला नावे ठेवून काय होणार? मलावी या छोट्या देशाने २००४ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्के भर घातली आणि बरोबरीने नव्या माणसांचे शिक्षण वाढवले, तेव्हा कुठे संख्या सुधारली. आपल्याकडेही धडगाव-अक्कलकुव्याकडे नेमणूक झाली की बदलीसाठी खटपट सुरू होते, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको.

पण नुसत्या पगाराने माणूस टिकत नाही. डफरिन फंडाच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांची मोठी तक्रार अशी, की जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन त्यांच्या डोक्यावर असे. शिक्षण बरोबरीचे असले तरी निर्णय त्याचा. नोकरीची शाश्वती नाही, निवृत्तिवेतनाचा पत्ता नाही. या तक्रारींतूनच १९१४ मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिस ही अखिल भारतीय सेवा निघाली. रखमाबाई सुरतेत रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. आपल्या कामावर आपला हात असणे, ही गोष्ट त्यांना मिळाली. गावाचा मान मिळाला, तो मागून, कष्टाने. आणि राहायला त्या एकट्या होत्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. याचा उल्लेख लोक हळहळीने करतात, पण नवऱ्याच्या बदलीमागे नोकरी सोडावी लागणाऱ्या आजच्या परिचारिकांना विचारले तर त्या वेगळे सांगतील.

१९०४ साली दादाजी वारले. बातमी कळल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र घेतले. ज्या माणसाची बायको म्हणवून घ्यायला त्यांनी कोर्टात नकार दिला, त्याच्यासाठी वैधव्य? यावर अभ्यासकांनी पुष्कळ विचार केला आहे. मला यात पराभव दिसत नाही. त्यांनी स्वतःचे मन कुठे उलगडून ठेवलेले नाही, तेव्हा अंदाजच करायचा तर एवढाच, की सुरतेच्या उंबरठ्यांच्या आत जायला पांढरी साडी बरी पडली असेल. त्या वेषातली बाई कोणत्याही घरात, कोणत्याही वेळी जाऊ शकत होती आणि तिच्याबद्दल कोणी वेडेवाकडे बोलत नव्हते. हे माझे मत झाले, दुसऱ्या कोणाचे वेगळे असू शकते.

आज आपल्या गल्ल्यांत वही घेऊन फिरणाऱ्या आशा बहेनला ही उंबरठ्याची गोष्ट चांगली कळेल. गरोदर बाईची नोंद, बाळाचे डोस, क्षयरोग्याच्या गोळ्या, सारे तिच्या पायांवर चालते. घरात अहिराणी बोलणारी, बाहेर गुजराती, आणि उत्तर भारतातल्या शेजारणीशी हिंदी, अशी तीन भाषांची बाई या भागात फार उपयोगाची असते. पण तिला पगार नाही, कामानुसार मोबदला मिळतो, आणि साडीच्या कारखान्यात धागे कापण्याचे किंवा टिकल्या लावण्याचे काम त्यापेक्षा जास्त देऊ लागले की ती वही ठेवून देते. तिच्या जागी नवी येते. तिला पुन्हा गल्ली शिकावी लागते. आपल्या घरांतल्या मुली नर्सिंग करून सिव्हिलमध्ये, स्मीमेरमध्ये लागतात याचा आपल्याला अभिमान असतो. रात्रपाळीची मुलगी आपल्या घरात सून म्हणून चालेल का, असे विचारले की मंडळी जरा गप्प होतात.

१९१७ मध्ये रखमाबाईंनी सुरत सोडली. वय त्रेपन्न. त्यांना विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये जागा देऊ करण्यात आली होती. अखिल भारतीय दर्जाची सेवा. ती त्यांनी घेतली नाही. १९१८ मध्ये त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या, काठियावाडात. संस्थानांचा मुलूख तो, सुरतेपेक्षाही कडक पडदा. तिथे त्या आणखी अकरा-बारा वर्षे होत्या. राजकोटला रेडक्रॉसचे कामही त्यांनी सुरू केले.

या वर्षांत त्यांनी पडद्यामागे जे पाहिले ते त्यांनी १९२९ मध्ये एका इंग्रजी लेखात मांडले. पडदा पद्धत बंद झाली पाहिजे, असा तो लेख आहे. तरुणपणी त्यांनी बालविवाहावर लिहिले होते ते स्वतः भोगलेले म्हणून. पासष्टीला आल्यावर त्यांनी लिहिले ते तीस-पस्तीस वर्षे रोगी तपासलेल्या डॉक्टरच्या अधिकाराने. कोंडलेल्या खोल्या, उशिरा आणलेल्या बाळंतिणी, क्षय. दोन्ही लिखाणांच्या मध्ये एक आख्खी नोकरी आहे.

निवृत्त होऊन त्या मुंबईला परतल्या. स्वातंत्र्य आले ते त्यांनी पाहिले. मुलींसाठी दिल्लीत लेडी हार्डिंग कॉलेज १९१६ मध्येच निघाले होते, ग्रँट मेडिकल कॉलेजात मुली आता नवलाईच्या राहिल्या नव्हत्या. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला आणि त्यात मुलीच्या लग्नाचे किमान वय पंधरा धरले गेले. अकराव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या रखमाबाई तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला मुंबईत फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एकूण नोकरी चौतीस वर्षांच्या आसपास भरते. त्यांतले मुंबईतले थोडे दिवस सोडले, तर बाकी सगळी गुजरातेत.